हॉइट स्ट्रिकलंडला कोर्टानं मत विचारलं

हॉइट स्ट्रिकलंड कोणत्या पक्षाचा होता ते मी सांगणार नाही. सांगितलं तर तुमच्यातले निम्मे इथेच टाळ्या वाजवतील, निम्मे तोंड फिरवतील आणि पुढचं कुणीच ऐकणार नाही. शिवाय त्यानं काही फरकही पडत नाही. डॉटीच्या हॉटेलातल्या त्या लांब टेबलावर दोन्हीकडची माणसं बसायची आणि सगळी सारखीच ओरडायची. हॉइटचा आवाज मोठा, म्हणून तो म्होरक्या.

मी युनिस टिलरी. जॉर्जियाच्या दक्षिणेला, कापसाच्या आणि भुईमुगाच्या पट्ट्यात आमची लहानशी काउंटी आहे. तिच्या कोर्टात मी एकवीस वर्षं जूरीची बेलीफ होते. नाव भारदस्त, काम साधं. जूरीच्या लोकांना त्यांच्या खोलीत नेऊन बसवायचं, कॉफी द्यायची, बाथरूमपर्यंत सोबत करायची आणि खटल्याबद्दल त्यांच्याशी कुणी चकार शब्द काढत नाही ना, यावर डोळा ठेवायचा. डॉटीचं हॉटेल कोर्टाच्या बरोबर समोर. सकाळी तिथं दोन अंडी आणि मक्याची लापशी खाल्ल्याशिवाय मी कधी कामावर गेले नाही. त्यामुळे एकवीस वर्षं हॉइटची मतं माझ्या लापशीत पडत आली.

आणि मतं तरी केवढी! वॉशिंग्टनमधल्या सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांची नावं त्याला नातवंडांसारखी पाठ होती. कोणाला कोणी नेमलं, कोण कुठे मासेमारीला गेला, कोणाची बायको काय बोलली, सगळं. त्याच्या मनासारखा निकाल आला की "घटना वाचली रे!" आणि विरुद्ध आला की "विकले गेले, नऊच्या नऊ विकले गेले!" निकालाची पानं त्यानं कधी उघडून पाहिली नाहीत. एकदा कुठल्याशा राज्यातल्या एका जजनं राष्ट्राध्यक्षाचा हुकूम रोखला, तेव्हा हॉइट मूठ आपटून म्हणाला, "एक माणूस साऱ्या देशाला थांबवतो? ह्याला कोणी निवडून दिलं?" पुढे खुर्चीवरचा राष्ट्राध्यक्ष बदलला, दुसऱ्या जजनं दुसरा हुकूम रोखला, तेव्हा त्याच टेबलावर तीच मूठ. "एक तरी ताठ कण्याचा निघाला!" मी त्याला आठवण करून दिली. तो म्हणाला, "ते वेगळं होतं, युनिस."

आमच्या साप्ताहिकाच्या संपादकानं एका माणसाचं महिन्याला एकच पत्र छापायचं असा नियम केला, तो एकट्या हॉइटपायी. अटलांटात राहणाऱ्या त्याच्या मुलीनं त्याला सांगून टाकलं होतं, थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी यायचं असेल तर जेवताना जज आणि राष्ट्राध्यक्ष हे दोन विषय नकोत. तो गेला नाही. डबाबंद सार्डिन खाऊन टीव्हीसमोर बसला आणि सोमवारी टेबलावर येऊन म्हणाला, "स्वतःच्या पोरीनं माझं तोंड बांधलं."

माझा राग आहे त्याच्यावर, तो मी लपवत नाही. पण जे खरं ते सांगायला हवं. हॉइट अडतीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन होता. मोठं वादळ आलं, निम्म्या काउंटीतले खांब आडवे झाले, तेव्हा तो सतरा दिवस घरी गेला नाही. रॉन्डा ग्राइनर, डॉटीकडे गिऱ्हाइकांना वाढणारी, तिची आई तेव्हा ऑक्सिजनच्या यंत्रावर होती. हॉइटनं साहेबाचं न ऐकता पहिली तार तिच्या गल्लीत ओढली. "बाकीच्यांना फ्रीज हवाय, हिला श्वास हवाय," म्हणाला आणि खांबावर चढला. म्हातारी त्यानंतर चार वर्षं जगली. रॉन्डानं ते कधी विसरलं नाही. भिंतीवरच्या खुंट्यांवर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे मग टांगलेले असत, त्यात हॉइटचा मग सगळ्यात आधी भरला जाई. तेव्हा त्याची बायको मार्लीनही होती. त्याचा आवाज चढला की ती एवढंच म्हणायची, "हॉइट, खा आता," आणि तो खायचा. ती गेली, नोकरी संपली, आणि मग सकाळी उठल्यापासून टीव्ही.

आता रॉन्डाच्या भावाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच येऊन ठेपतं. कोल्बी ग्राइनर, सत्तावीस वर्षांचा, कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला. शेतात पाणी देणाऱ्या मोठ्या यंत्रांची तांब्याची तार कोणीतरी कापून नेली आणि एका शेतकऱ्यानं अंधारात पाहिलेला माणूस म्हणून कोल्बीचं नाव घेतलं. कोल्बीचं म्हणणं, मी तेव्हा कामावर होतो. त्याचं हजेरीचं कार्ड होतं, पण कार्ड काय, दुसराही यंत्रात घालू शकतो. त्याला त्या रात्री कामावर डोळ्यांनी पाहिलेला माणूस एकच, पाळीचा मुकादम. पोरवयात कोल्बीनं एक गाडी चोरली होती, त्या जुन्या प्रकरणामुळे जामीन मिळाला नाही. आमच्याकडे जज पाच काउंट्या फिरते, जूरीचा आठवडा वर्षातून दोनदाच येतो. एकदा जज आजारी, एकदा वकील दुसऱ्या काउंटीत अडकलेली. असे चौदा महिने तो कोर्टामागच्या तुरुंगात बसून होता. मधे दोनदा सरकारी वकिलानं निरोप धाडला, गुन्हा कबूल कर, भोगलीस तेवढी शिक्षा धरू, उद्या घरी जा. दोन्ही वेळा कोल्बी म्हणाला, "मी तार चोरलेली नाही."

हे सगळं रॉन्डा त्या टेबलावर कॉफी ओतता ओतता सांगायची. खटल्याचं बोलणं निघालं की मी माझं ताट उचलून काउंटरवर जाऊन बसायची, नियमच तसा. पण कान काही उचलून नेता येत नाहीत.

मार्चमध्ये अखेर तारीख लागली. आणि त्याच आठवड्याच्या जूरीसाठी हॉइटलाही बोलावण्याचं पत्र आलं.

तो ते पाकीट झेंड्यासारखं नाचवत आला. "पन्नास वर्षं वाट पाहिली! आता बघा. आता जजसमोर उभा राहून सांगतो."

रॉन्डानं कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं. तिनं कधी असं भांडं ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मिस्टर हॉइट, तो कोल्बीचा आठवडा आहे."

"माहितीये की! म्हणून तर. मी असताना त्या पोराला कोण हात लावतो?"

"तुम्हाला जूरीत घेणारच नाहीत. तुम्ही मला ओळखता. ते विचारतील, आरोपीच्या घरच्यांना कोण ओळखतं. तेव्हा हात वर करायचा आणि म्हणायचं, मी त्याच्या बहिणीला ओळखतो. चार शब्द. मग ते तुम्हाला घरी पाठवतील."

"आणि वॉशिंग्टनच्या त्या नऊ काळ्या झग्यांचं?"

"नऊ झगे गेले खड्ड्यात! तुमच्या पाया पडते, मिस्टर हॉइट. मुकादम येतोय साक्षीला. मोठ्या मुश्किलीनं रजा मिळालीये त्याला. हा एक आठवडा नीट गेला की माझा भाऊ घरी येतो. चार शब्द."

टेबलावरचा बक नावाचा म्हातारा हसला. "अगं, चार शब्दांत हॉइट शिंकतसुद्धा नाही."

"गप रे," हॉइट म्हणाला. मग टोपी काढून रॉन्डाला म्हणाला, "मार्लीनची शपथ. चार शब्द. तोंडाला कुलूप."

काउंटरवर बसून मी हे ऐकलं. ऐकायला नको होतं, पण ऐकलं.

त्या सोमवारी सकाळी कोर्टाच्या क्लार्कनं मला विचारलं, "मिस युनिस, यादीत कोणी असा आहे का, ज्याला मी आधीच बाजूला काढावा?" दरवेळी विचारायची ती. बहिरे, आजारी, पिऊन आलेले. माझ्या जिभेवर हॉइटचं नाव होतं. मी म्हणाले, "नाही, सगळे ठीक." का म्हणाले तेही सांगते. एकवीस वर्षं त्याचं ऐकलं होतं, आणि जज मॅबरी त्याला एका वाक्यात खाली बसवताना मला पाहायचं होतं. एवढीच हौस.

एकेचाळीस माणसं बाकांवर बसली. कोल्बी त्याच्या वकिलीणबाईंशेजारी, अंगात रॉन्डाच्या घटस्फोटित नवऱ्याचा कोट. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, पण इस्त्री कडक होती. तुरुंगातला माणूस जूरीसमोर तुरुंगाच्या कपड्यांत आणायचा नसतो, तो तुरुंगात आहे हेच जूरीला कळू द्यायचं नसतं. पूर्वी त्यानं काही केलंय का, त्याच्याशी काही सौदा बोलला गेला का, हेही नाही. बारा माणसांनी जे समोर मांडलं तेवढंच पाहून ठरवायचं. ह्या तीन गोष्टी दारातून आत शिरू नयेत म्हणून माझी एकवीस वर्षं त्या दारात गेली.

रॉन्डा शेवटच्या बाकावर, डॉटीकडचा ॲप्रन काढून घडी करून मांडीवर. बाहेर मुकादम, हातात टोपी.

सरकारी वकील नवा होता, गालावर धड दाढी नाही. त्यानं घसा साफ केला. आरोपीला कोण ओळखतं हा प्रश्न पहिला विचारायचा असतो, पण त्यानं कागद उलटसुलट केले आणि खालचा प्रश्न आधी काढला.

"तुमच्यापैकी कोणाचं कोर्टांबद्दल किंवा न्यायव्यवस्थेबद्दल असं काही ठाम मत आहे का, ज्यामुळे निःपक्षपातीपणे बसणं अवघड जाईल?"

मी हॉइटकडे पाहिलं. सत्तर वर्षांत त्याला कुणी मत विचारलं नव्हतं. संपादकानं नाही, पोरीनं नाही, टीव्हीनं तर नाहीच. त्याचा हात वर गेला.

"तुम्ही, सर. तुमचं काय मत आहे?"

मुरलेला वकील असता तर म्हणाला असता, आपण हे जजसमोर वेगळं बोलू. ह्या पोरानं भर कोर्टात विचारलं, काय मत आहे.

हॉइट उभा राहिला. वॉशिंग्टनपासून सुरुवात केली. कोणाला कोणी नेमलं, मरेपर्यंत खुर्ची का, राष्ट्राध्यक्ष जजांना खिशात घालतो की जज राष्ट्राध्यक्षाला. बाकावरचे दोघे हसले, एक मान डोलवायला लागला.

"मिस्टर स्ट्रिकलंड," जज मॅबरी चष्म्यावरून म्हणाल्या, "मुद्दा कळला. बसा."

माझी हौस फिटली असं मला वाटलं. पण तो बसला नाही.

"एक मिनिट, मॅडम. वॉशिंग्टनचं सोडा, इथलंच बघा. हा पोरगा बसलाय ना, उसना कोट घालून? चौदा महिने झाले तुम्ही याला मागं कोंडून ठेवलाय!"

"मिस्टर स्ट्रिकलंड, थांबा."

"पोरवयात एक गाडी उचलली म्हणून जामीन नाही! आणि हेच सरकार त्याला म्हणतं, कबूल कर आणि घरी जा! दोनदा म्हणालं! हा काय न्याय झाला?"

हातोडा आपटला. कोल्बीच्या वकिलीणबाईंनी कपाळाला हात लावला. हॉइट छाती पुढे काढून उभा होता आणि माझ्या तिन्ही गोष्टी, एकही न सोडता, एकेचाळीस माणसांच्या कानांत जाऊन बसल्या होत्या.

नव्या वकिलाला भानावर यायला थोडा वेळ लागला, पण आला तेव्हा नीट आला. मुकादम बाहेर बसलाय, आणि खटला लांबला की असा साक्षीदार निसटू शकतो, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणाला, हे सगळे आता जूरीत बसायला लायक राहिले नाहीत. वकिलीणबाईंनाही नाही म्हणता येईना. गाडीचोरी ऐकलेल्या माणसांपुढे त्या आपला माणूस कसा उभा करणार? जजनी कॅलेंडर पाहिलं, पुढच्या काउंटीचं, त्याच्या पुढच्या काउंटीचं. मग म्हणाल्या, "नोव्हेंबर."

"नोव्हेंबर?" मागून रॉन्डा मोठ्यानं म्हणाली. कोर्टात बोलायचं नसतं. तिला कोणी गप्प केलं नाही.

हॉइट वाट पाहत होता, आता आपल्याला शिक्षा होणार म्हणून. हातसुद्धा थोडे पुढे करून उभा होता. जज मॅबरी त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तुम्ही घरी जा, मिस्टर स्ट्रिकलंड."

बाहेर त्यानं मला गाठलं. डोळे चमकत होते. "ऐकलंस, युनिस? तोंडावर सांगितलं की नाही?"

"तू काय केलंस ते कळलं का तुला, मूर्ख माणसा?"

"खरं तेच बोललो!"

"हो. सगळं खरं. म्हणूनच तो नोव्हेंबरपर्यंत आत."

त्याला ते पोहोचायला दोन-तीन श्वास लागले. तेवढ्यात रॉन्डा बाहेर आली. तुरुंगाच्या शिपायानं कोल्बीच्या अंगावरचा कोट काढून तिला परत दिला होता, तो हातावर.

"रॉन्डा, अगं मी त्याच्या बाजूनंच..."

"चार शब्द सांगितले होते तुम्हाला," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून हॉटेलात कामाला गेली. दुपारच्या जेवणाची गर्दी होती.

हॉइट दुसऱ्या दिवशी टेबलावर आला नाही. त्यानं जजला पत्र लिहिलं, चूक माझी, शिक्षा मला करा, पोराला सोडा. जजनं ते फाईलला लावलं. वकिलीणबाईंकडे गेला, त्यांनी पाच मिनिटंही दिली नाहीत. वीज कंपनीतल्या जुन्या मित्राला घेऊन तार चोरणारा खरा कोण ते शोधायला रानोमाळ हिंडला, काही हाती लागलं नाही. मला कणव आली का? थोडी आली. फार वेळ टिकली नाही.

मे महिन्यात मुकादमाला अलाबामातल्या दुसऱ्या कारखान्यात जास्त बरी नोकरी लागली. तो बिचारा म्हणाला येईन. मग फोन उचलेनासा झाला. त्याच सुमारास सरकारी वकिलाचा तोच निरोप तिसऱ्यांदा आला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जज एका सकाळपुरत्या आल्या आणि कोल्बी ग्राइनर त्यांच्यासमोर उभा राहिला. जूरी नव्हती, म्हणून मला काम नव्हतं. मी मागं बसले. हॉइट माझ्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला, टोपी गुडघ्यावर. ह्या वेळी कोट नव्हता, तुरुंगाचेच कपडे. कबुलीला जूरी लागत नाही, तेव्हा कपड्यांची काळजी कोणाला?

जज विचारत गेल्या. तुमच्यावर कोणी जबरदस्ती केलीय का? नाही मॅडम. तुम्ही आपल्या मर्जीनं गुन्हा कबूल करताय? हो मॅडम. सुटल्यावरचा देखरेखीचा काळ संपेपर्यंत मत देता येणार नाही, जूरीत बसता येणार नाही, कळलं? हो मॅडम. तुम्ही तार चोरलीत?

कोल्बीनं मान फिरवून बहिणीकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो मॅडम."

अकरा मिनिटं लागली. सतरा महिने त्यानं जे म्हटलं नव्हतं ते म्हणून तो त्याच दुपारी घरी गेला. कोंबड्यांच्या कारखान्यानं त्याला परत घेतलं नाही, शिक्का बसलेल्याला घेत नाहीत. आता तो एका गवत कापणाऱ्याबरोबर जातो. आसपास कोणाच्या शेतातून तार चोरीला गेली की शेरीफची गाडी आधी त्याच्या दारात थांबते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात वॉशिंग्टनचे मोठे निकाल येतात, सकाळी दहाला. दरवर्षी हा डॉटीच्या टेबलाचा सणच. त्या दिवशी हॉइट तीन महिन्यांनी पहिल्यांदा आला, टेबलाच्या कडेला बसला. भिंतीवरच्या टीव्हीत निकाल आला, मोठा होता, सहा विरुद्ध तीन. तिथल्या कोर्टाच्या पायऱ्यांवर माणसं पळायला लागली, पाट्या वर गेल्या. बक आणि बाकीचे हॉइटकडे पाहत होते, सवयीनं. त्याच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला काउंटरवरून दिसत होत्या. ओठ उघडले, मिटले.

रॉन्डानं खुंटीवरून त्याचा मग काढला. मला वाटलं, आता ही तो कचऱ्यात टाकते. तिनं तो त्याच्यासमोर ठेवला आणि काठोकाठ भरला, नेहमीसारखा, सगळ्यात आधी.

"बोला ना, मिस्टर हॉइट," ती म्हणाली. "आता तुमच्या बोलण्यानं आमचं काही जायचं राहिलं नाही."

आणि ती बकचा मग भरायला पुढे गेली.